सोळाव्या वर्षी मुलगा मुलाच्या प्रेमात पडतो तेव्हा

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींमधले परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले. आज सोळा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा प्राथमिक शाळेत होता. म्हणजे त्याला कळू लागलं तेव्हापासून या देशात समलिंगी असणं कायद्यानं गुन्हा नाही. तरीही तो ते लपवतो. त्यानं ते सांगावं की झाकून ठेवावं, आणि घरातल्या मोठ्यांनी काय करावं, याबद्दल आपल्याकडे दोन मतं आहेत. दोन्ही मतं मुलाच्या काळजीपोटीच आलेली असतात. ती समोरासमोर बसावीत म्हणून हा संवाद लिहिला आहे.

मामा माण तालुक्यातल्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. भाची पुण्यात किशोरवयीन मुलांची समुपदेशक. दोघंही कल्पित आहेत, आणि ज्या मुलाबद्दल ते बोलतात तोही. मामांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला आपल्या अकरावीतल्या मुलाच्या मोबाइलमध्ये क्लासमधल्या दुसऱ्या मुलाला लिहिलेले मेसेज दिसले. ‘सर, तुम्हीच त्याला समजावा’ म्हणून तो मामांकडे आला. मामांनी भाचीला बोलावून घेतलं.

मामा: तू काही बोलायच्या आधी मी बापाला काय सांगितलं ते ऐक. म्हटलं, हात उगारू नकोस, आरडाओरडा करू नकोस, फोन परत दे आणि विषय बंद कर. सोळा म्हणजे काय वय आहे? मी वसतिगृह सांभाळलंय. एका ताटात जेवणारी, एकाला ताप आला की दुसऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही अशी पोरं दर वर्षी असायची. पुढं त्यांची लग्नं झाली, लेकरं झाली. तेव्हाच कुणावर शिक्का मारून ठेवला असता तर?

भाची: मारू नका म्हणालात ते फार चांगलं केलंत, मामा. शिक्का मारू नये हेही मला पटतं. पण विषय बंद कसा होणार? वडिलांनी मेसेज वाचले हे मुलाला कळलंय. आता घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी काही बोलत नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ तो एकटा लावणार. घाबरलेलं मूल असा अर्थ लावतं तेव्हा सगळ्यात वाईट तोच धरून चालतं.

मामा: मग बापानं त्याला समोर बसवून विचारायचं का, की बाबा रे, तू नक्की कोण आहेस?

भाची: मुळीच नाही. त्याचं उत्तर अजून त्याच्याकडेच नसेल. मेसेजमध्ये होतं तरी काय?

मामा: वावगं काही नाही. ‘आज क्लासला का आला नाहीस’, ‘तू नव्हतास तर एसटीत बसवेना’, असलं. आणि एक ओळ, ‘मी असा का आहे मला कळत नाही’. बाप त्या ओळीनं हादरलाय.

भाची: आणि समोरच्याचं उत्तर?

मामा: ‘उद्या येतो.’ एवढंच.

भाची: म्हणजे त्या दुसऱ्या मुलाच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, आणि कदाचित यालाही नाही. मामा, या मुलाचं काय होत असेल ते मी तुम्हाला सांगते, कारण अशी मुलं माझ्याकडे येतात. बहुतेकांना आधी शब्द सापडत नाही, माणूस सापडतो. दोन-तीन वर्षं बाकीची पोरं मुलींबद्दल बोलत असतात, आणि हा त्यांच्यासारखं बोलायला शिकतो. कुठली हिरॉइन आवडते विचारलं तर एक नाव तयार ठेवतो. मग एक दिवस क्लासमध्ये शेजारी कुणीतरी येऊन बसतं आणि इतकी वर्षं सगळे कशाबद्दल बोलत होते ते याला पहिल्यांदा उमगतं. गाणी, सिनेमे, कविता, सगळं एकदम आपल्याबद्दल आहे असं वाटू लागतं. आणि त्याच क्षणी त्याला हेही कळतं की हे कुणाला सांगायचं नाही. इतर मुलं अशा वेळी जिवलग मित्राकडे धावत जातात. याला मित्रापासूनच लपवायचं असतं. सांगितलंच तर ‘तो’च्या जागी ‘ती’ घालून सांगतो. फोन पालथा ठेवतो. चालताना हात कसे हलतात, हसताना आवाज चिरकतो का, यावर स्वतःच पहारा ठेवतो. वर्गात कुणाला ‘बायल्या’ म्हटलं की सगळ्यात मोठ्यानं हाच हसतो. दिवसभर हे करून तो दमतो. मार्क घसरतात आणि घरचे म्हणतात मोबाइलचं वेड लागलंय.

मामा: असं असेल तर वाईट आहे. पण माझा प्रश्न राहिलाच. मन बदलतं. उद्या त्याला एखादी मुलगी आवडली तर?

भाची: तर आवडली. त्यात कुणाचं काय बिघडलं? काहींच्या बाबतीत वयाबरोबर चित्र बदलतं, काहींना दोन्ही आवडतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत जे दहाव्या-अकराव्या वर्षी अंधुक जाणवायला लागलं तेच आयुष्यभर राहतं. पण मामा, तुमच्या शाळेत मुलीला चिठ्ठी लिहिणारा मुलगा सापडला की तुम्ही त्याला काय म्हणायचा?

मामा: म्हणायचो, वय आहे, पण आधी अभ्यास कर.

भाची: ‘तुला खरंच मुलीच आवडतात याची खात्री पंचविसाव्या वर्षापर्यंत करून घे’ असं कधी म्हणालात?

मामा: नाही.

भाची: मग शंका घ्यायची तर दोघांच्या बाबतीत सारखी घ्या. मुलीला चिठ्ठी लिहिणाऱ्याचं प्रेम कोवळं असलं तरी आपण ते खरं धरतो. याचंही तसंच धरू. त्याला नाव द्यायची घाई नको आणि ते खोटं ठरवायचीही घाई नको.

मामा: सारखं धरायला जग सारखं आहे का? तू पुण्यात राहतेस. तिथं २०११ पासून तुमच्या अभिमान यात्रा निघतात, रंगीत झेंडे घेऊन पोरं रस्त्यावर चालतात. या मुलाला रोज सकाळी एसटीनं तालुक्याला जायचं असतं. त्याच गाडीत चुलतभाऊ, भावकीतली पोरं, बापाच्या डेअरीतला माणूस. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ पडली तरी संध्याकाळपर्यंत वाडीवस्तीवर पोचेल. त्या दुसऱ्या पोराचा बाप चार माणसं घेऊन दारात येईल. याच्या बहिणीचं लग्न जमवायचं आहे. मी गप्प राहा म्हणतो ते लाजेपोटी म्हणत नाही. पोर वाचावं म्हणून म्हणतो.

भाची: यात तुमचं बरोबर आहे. मी हे मनापासून म्हणते, कारण शहरातल्या आमच्या वर्तुळात कधीकधी असं वातावरण असतं की सांगितलं तो शूर आणि नाही सांगितलं तो भित्रा. ज्याचं जेवण, फी आणि झोपायची जागा वडिलांच्या हातात आहे त्याच्यावर असं ओझं टाकायचा कुणालाही हक्क नाही. माझ्याकडे एखादा मुलगा ‘घरी सांगू का’ विचारत येतो तेव्हा मी आधी साधे प्रश्न विचारते. घरात बिनसलं तर त्या रात्री कुठं जाशील? कुणाचा नंबर पाठ आहे? परीक्षेची फी भरली आहे का? या प्रश्नांना उत्तरं नसतील तर थांबणंच शहाणपणाचं.

मामा: मग आपलं एकमत झालं की.

भाची: नाही झालं. तुम्ही म्हणता त्यानं गप्प राहावं. मी म्हणते कधी, कुणाला आणि किती सांगायचं ते त्यानं ठरवावं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसेल, मुलगा आजही बोलणार नाही. पण त्याच्या मनात काय उतरतं ते वेगळं आहे. ‘बाहेर धोका आहे, जपून राहा, आम्ही तुझ्या बाजूचे आहोत’ असं ऐकलेला मुलगा आणि ‘तुझ्यात खोट आहे, ती झाकून ठेव’ असं ऐकलेला मुलगा, दोघंही गप्पच राहतात. त्यातला पहिला योग्य वेळेची वाट बघतो. दुसऱ्याला स्वतःची घृणा वाटायला लागते.

मामा: हं. बापाला मी ‘विषय बंद कर’ म्हणालो, त्यातून मुलापर्यंत दुसरंच पोचणार, असं तुझं म्हणणं.

भाची: हो. आणि आणखी एक. या मुलानं अजून कुणालाच काही सांगितलेलं नाही. वडिलांनी वाचलं, त्यांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मला. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट इतक्या मोठ्या माणसांना कळली आणि त्याला विचारलं कुणीच नाही. निदान ती इथं थांबू दे. आत्याला नाही, वर्गशिक्षकांना नाही, आणि त्या दुसऱ्या मुलाच्या घरी तर अजिबात नाही. तिथं काय होईल ते तुम्हीच आत्ता सांगितलंत.

मामा: ते मी बापाला बजावतो. पण तो डॉक्टर शोधतोय. कुणीतरी सांगितलंय की यावर गोळ्या असतात. बायको म्हणते महाराजांकडे नेऊ.

भाची: त्याला स्पष्ट सांगा की बरा करायला इथं आजारच नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी काढली. आपल्याकडे २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक कल्पनांत कुणी बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढे दोन तरुणींचं प्रकरण आलं. घरच्यांच्या विरोधामुळं त्या पळून गेल्या होत्या. हा विषय आपल्याला पुरता समजलेला नाही, असं त्या न्यायमूर्तींनी मोकळेपणानं नोंदवलं, स्वतः मानसतज्ज्ञाबरोबर बसून तो समजून घेतला आणि मग आदेश दिले. माणसाचा लैंगिक कल ‘बदलण्याचे’ वैद्यकीय प्रयत्न करू नयेत, हे त्या आदेशांत आहे. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. जो डॉक्टर गोळ्या देईल तो स्वतःच नियम मोडत असेल.

मामा: न्यायाधीश आधी शिकायला बसला, ही गोष्ट मी बापाला सांगणार. त्याला ती भिडेल, कारण तो माझ्याकडं आलाय तोही शिकायलाच. आणि हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे असं तो म्हणाला, त्याचं उत्तर माझ्याकडं आहे. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनी १८६०च्या दंडविधानात घातलं. म्हणजे परदेशातून काही आलं असेल तर ती शिक्षा आली. आणि र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक मराठीतूनच चालवलं ना? १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांबद्दलही विचारलेलं होतं. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं होतं बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणसं हे प्रश्न विचारत होती, एक मराठी संपादक उत्तरं देत होता आणि बाबासाहेब त्याच्या बाजूनं कोर्टात उभे राहत होते.

भाची: हे तुम्हीच सांगा त्याला. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलं तर जास्त पटेल.

मामा: सांगीन. पण कायद्याचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही बघ. २०१८चा निकाल सज्ञानांसाठी आहे. हा सोळाचा आहे.

भाची: बरोबर, आणि ते मुलालाही सांगायला हवं. २०१२चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या कुणाचीही संमती मानत नाही, मुलगा असो वा मुलगी. मेसेज लिहिणं, बरोबर अभ्यास करणं, कुणी आवडणं, यात गुन्हा नाही. शरीरसंबंध आणि तसले फोटो यांच्यापासून मात्र लांबच राहायचं. हा नियम घरातल्या मुलीला असेल तोच त्याला. त्याच्या प्रेमासाठी वेगळी, जास्त कडक नियमावली लिहायची गरज नाही.

मामा: फोटोचं म्हणालीस, तीच माझी खरी भीती. मोबाइलवर म्हणे ॲप असतात, वय खोटं सांगून पोरं त्यात शिरतात. समोर चाळीस वर्षांचा माणूस असतो. गोड बोलतो, फोटो मागवतो आणि मग धमकावतो की बापाला पाठवीन.

भाची: असं होतं, आणि तुमची भीती रास्त आहे. पण ती धमकी चालते कशाच्या जोरावर ते बघा. त्या माणसाच्या हातात एकच हत्यार असतं, ‘घरी सांगेन’. घरी कळलं तरी मला कुणी हाकलणार नाही अशी मुलाची खात्री असेल तर त्या हत्याराला धार राहत नाही. मुलगा त्याच रात्री वडिलांना उठवतो आणि दोघं मिळून पोलिसांकडे जातात. ती खात्री नसेल तर तो पैसे चोरतो, आणखी फोटो पाठवतो आणि आणखी अडकत जातो. वडिलांना मुलाला सुरक्षित ठेवायचं असेल तर फोन काढून घेऊन ते होणार नाही. संकट आलं की पहिला फोन बापाला करावासा वाटला पाहिजे, असं नातं त्यांना राखावं लागेल.

मामा: हे बापाला पटेल. आता त्याचं शेवटचं म्हणणं सांगतो. तो म्हणतो, शिकू दे, नोकरी लागू दे, पंचविसाव्या वर्षी लग्न लावून देतो, मग आपोआप ठीक होईल. आणि खरं सांगू, माझ्या पिढीत असंच होत आलं. कुणाच्या मनात काय होतं कोण विचारतं? संसार झालेच की.

भाची: त्या संसारातल्या बाईला कुणी विचारलं होतं, मामा? आपल्यात काय कमी आहे म्हणून नवरा जवळ येत नाही, याचं उत्तर तिनं आयुष्यभर स्वतःत शोधलं असेल. मूल झालं नाही तर बोल तिलाच लागले असतील. त्या मुलाच्या बापाला स्वतःची मुलगी आहे ना? तिच्या लग्नाची काळजी आहे म्हणालात.

मामा: आहे.

भाची: मग एकच विचारा. ज्या मुलाला बायका आवडत नाहीत हे त्याच्या घरच्यांना माहीत आहे, अशा घरात तुझी मुलगी देशील का?

मामा: नाही देणार. कुणीच देणार नाही. ... हे मी विचारीन त्याला. पण मग या पोराचं पुढं काय? लग्न नाही, मूल नाही, म्हातारपणी पाणी द्यायला कोण?

भाची: खोटा दिलासा मी देणार नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. आज भारतात असं लग्न कायद्यानं होत नाही. संयुक्त बँक खातं उघडायला आडकाठी नाही, असं केंद्र सरकारनं २०२४ मध्ये स्पष्ट केलं, अशा एकेका पायरीनं गोष्टी सरकताहेत. पण त्याचं आयुष्य एकटं जाईल की भरलेलं, हे एकट्या कायद्यावर ठरणार नाही. बहीण, मित्र, आईवडील त्याच्याशी धरून राहिले तर त्याच्या म्हातारपणाची काळजी बरीच मिटते. आणि ते तुटले तर लग्न करूनही तो एकटाच असतो.

मामा: तू मला ‘कोबाल्ट ब्लू’ वाचायला दिलं होतंस. सचिन कुंडलकरांचं, २००६चं. घरात भाड्यानं राहायला आलेल्या पाहुण्यावर तनयचा जीव जडतो, त्याची बहीण अनुजा हिचाही जडतो, आणि तो पाहुणा निघून जातो. त्याच्याही आधीचं तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक घे, १९८१चं. तिथं तर मुलीच्या प्रेमात पडलेल्या सुमित्राचा जीवच जातो. असल्या गोष्टी वाचून या पोराला कसलं बळ मिळणार? सगळ्यांत शेवटी हाती काहीच लागत नाही.

भाची: ‘कोबाल्ट ब्लू’त मला फार मोठं बळ दिसतं. त्या कादंबरीत अर्धी जागा तनयच्या दुःखाला आहे आणि अर्धी अनुजाच्या. भावाचं दुःख कमी दर्जाचं धरलेलं नाही. या वयाच्या मुलाला नेमकं तेच हवं असतं. पहिलं प्रेम बहुतेकांचं मोडतं. कदाचित तो क्लासमधला मुलगा उद्या येईल, शेजारी बसेल आणि याला त्याच्याबद्दल काय वाटतं ते त्याला कधी कळणारही नाही. इतर मुलाचं असं झालं की मित्र खांद्यावर हात टाकतात, चहा पाजतात, चिडवून हसवतात. या मुलाला रडायलाही कारण सांगता येत नाही. त्याचं दुःखही दुःखच आहे, असं कुणीतरी मराठीत लिहून ठेवलंय, हा आधार छोटा नाही.

मामा: आणि प्रेम मोडलं की मग उरलं काय?

भाची: स्वतःची ओळख. सगळ्यांसारखं वाटत नाही म्हणजे मला काही वाटतच नाही, मी कोरडा आहे, असं तो इतके दिवस समजत असेल. आता त्याला कळलं की आपल्यालाही कुणासाठी झुरता येतं, कुणाची वाट बघता येते. समोरच्यानं हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, हे कळलेलं परत जात नाही. ‘मी असा का आहे’ हा प्रश्न त्यानं त्याच मुलाला विचारला, कारण तो विचारण्याइतका विश्वास त्याला पहिल्यांदाच कुणाबद्दल वाटला. आणि मामा, गोष्टीही बदलताहेत. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी सिनेमा २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईचा एक तरुण गावी येतो आणि तिथं शेती करणाऱ्या बालमित्राजवळ त्याला ऊब मिळते. आईला मुलाबद्दल माहीत असतं. गोष्ट गावात घडते, आणि तिथं प्रेमापायी कुणी मरत नाही.

मामा: तुमच्या क्षेत्रात याचे काही आकडे आहेत का? घरच्यांच्या वागण्यानं किती फरक पडतो? बापाला आकडे लागतात.

भाची: अमेरिकेतला एक अभ्यास आहे, २००९चा. किशोरवयात घरून फार नाकारली गेलेली समलिंगी आणि उभयलैंगिक मुलं आणि जवळपास न नाकारली गेलेली, यांची तुलना केली. पहिल्या गटातल्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याची शक्यता आठपटीहून जास्त निघाली. तिथल्याच ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’ या संस्थेनं २०१९ मध्ये नोंदवलं की आपल्याला स्वीकारणारा एक जरी मोठा माणूस आयुष्यात असेल, तर मुलांनी वर्षभरात असा प्रयत्न केल्याचं सांगण्याची शक्यता सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी असते. आकडे तिकडचे आहेत. पण नाकारलं जाण्याची वेदना इकडे कमी असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

मामा: तो एक माणूस बापच असावा लागतो का?

भाची: नाही. आजी असेल, मावशी असेल, शिक्षक असेल.

मामा: म्हणजे निवृत्त शिक्षकही चालेल. बरं, मी काय करायचं ते सांग. त्याला बोलावून विचारू?

भाची: विचारू नका. आधी वडिलांना सांगा की मुलाजवळ बसून तीन वाक्यं बोल. ‘मी तुझा फोन वाचला, ते चुकलं. मी कुणाला सांगणार नाही. तू माझा मुलगा आहेस, त्यात काही फरक पडलेला नाही.’ याच्यापुढं एक प्रश्न नाही. मुलगा रडेल, चिडेल किंवा उठून जाईल. जाऊ दे. बोलायची वेळ तो निवडेल. आणि तुम्ही त्याच्याशी नेहमीसारखे वागा. अशी मुलं मोठ्यांना सरळ विचारत नाहीत, आडून चाचपून बघतात. बातमी दाखवतात, एखाद्या सिनेमाचं नाव काढतात आणि तुमचा चेहरा बघतात. तेव्हा तुम्ही कर्व्यांची आणि बाबासाहेबांची ती गोष्ट सांगा. त्याला जे कळायचं ते कळेल.

मामा: आणि पुढं कधी तो स्वतःहून बोलला तर? मी तर त्याला हेच सांगणार की बाबा, आपल्या पायावर उभा राहीपर्यंत गावात बोलू नकोस. माझं मत अजून तेच आहे.

भाची: सांगा की. तुम्हाला गाव माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त कारण पूर्ण सांगा. गाव अजून तयार नाही म्हणून थांब, असं सांगा. तुझ्यात काही चुकलंय म्हणून लपव, असं त्याला एकदाही वाटता कामा नये.

मामा: त्याच्यात काही चुकलेलं नाही. एवढं तर मी आजही म्हणू शकतो.

इथं दोघांचं बोलणं संपतं, मतभेद थोडा उरतोच. सावधगिरीचा आग्रह मामांनी सोडलेला नाही आणि निर्णय मुलाचा असावा हा आग्रह भाचीनं सोडलेला नाही. माझ्या मते दोन्ही लागतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. मुलाला आधी कळलं पाहिजे की त्याच्या प्रेमात लाजण्यासारखं काही नाही. सावध कसं राहायचं ते त्यानंतर शिकवावं. आपण बहुतेक घरांत दुसरी गोष्ट शिकवतो आणि पहिली सांगायची राहून जाते.

हे वाचणाऱ्यांत असा एखादा मुलगा असेल तर त्याला एवढंच सांगायचं आहे की तुला झालेलं प्रेम खरं आहे, आणि ते कधी सांगायचं हे ठरवायचा हक्क तुझा आहे. फार एकटं वाटलं, जीव नकोसा झाला, किंवा कुणी धमकावत असेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे आणि १४४१६ हा सरकारच्या मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा. दोन्ही मोफत आहेत, दिवसरात्र चालू असतात.

आणि आईवडिलांनो, शिक्षकांनो, आपल्या घरात किंवा वर्गात असा कुणी नाही असं धरून चालू नका. टीव्हीवर हा विषय निघतो तेव्हा तुम्ही काय म्हणता, कुणी बायकी चालीची नक्कल केली तर हसता की थांबवता, हे तो बघत असतो आणि त्यावरून तुमच्याशी बोलायचं की नाही ते ठरवतो. तेव्हा काय बोलायचं ते आजच ठरवून ठेवा.